अखंड पुरवठा

डबलने पुढच्या बाजूचा मेन स्विच खाली ओढला आणि कान टवकारले.

चष्म्याच्या दुकानातले दिवे गेले. काचेच्या कपाटातल्या फ्रेमा एकदम वयस्क दिसायला लागल्या. डोळे तपासायच्या खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक नुकतंच भिंतीवरच्या तक्त्याच्या तिसऱ्या ओळीपर्यंत पोचलं होतं. ते म्हणालं, "आता तर पहिलीही दिसत नाही." पण भिंतीपलीकडे, घराच्या मागच्या अर्ध्या भागात, छपाईचं यंत्र मघापासून खटाक-खटाक करत होतं, ते तसंच करत राहिलं. त्याला या बाजूच्या अंधाराची खबरही नव्हती.

मुलीचं स्थळ पक्कं झाल्यावर बापाच्या तोंडावर येतो तसा आनंद डबलच्या तोंडावर आला.

"वेगळी लाइन आहे," तो म्हणाला. "खरोखरच वेगळी आहे."

"वेगळी म्हणजे?" अंधारातून दुकानाचा मालक म्हणाला; दोघा भावांतला हा थोरला, मागचा छापखाना धाकट्याचा. "त्याचं नि माझं पाणीसुद्धा वेगळं आहे. वीज एकत्र ठेवीन होय?"

डबलने स्विच वर केला. दिवे आले, गिऱ्हाईक पुन्हा तिसऱ्या ओळीला लागलं, आणि थोरल्याने चष्मा नाकावर चढवून विचारलं, "म्हणजे जागा पसंत?"

शहराचे फोन आणि इंटरनेट जिथे एकत्र येतात त्या यंत्रखोल्यांना वीज कुठून आणायची आणि फायबरची केबल कुठल्या रस्त्याने न्यायची, एवढंच डबल आयुष्यभर ठरवत आला होता. कंपनीत त्याला खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. प्रत्येक गोष्ट दोन हवी, असा त्याचा हट्ट. वीज दोन ठिकाणांहून हवी, केबल दोन रस्त्यांनी हवी, बॅटऱ्यांचे संच दोन हवेत. कागदाच्या प्रतीसुद्धा तो न विचारता दोन काढायचा. फक्त घरी, बायको गेल्यापासून, सगळं एकेक होतं. एक ताट, एक उशी, एक किल्ली. ती हरवली तर काय करायचं याची योजना त्याने केलेली नव्हती.

या वस्तीत जागा मिळेना म्हणून साहेब त्याच्यावर डाफरत होते. कोपऱ्यावरचं हॉस्पिटल, दोन शाळा, झाडून सगळी दुकानं एका जुनाट केबलवर लोंबकळत होती. जागा बऱ्याच पाहून झाल्या, पण प्रत्येक ठिकाणी वीज एकाच खांबावरून यायची. दुसरी लाइन मागितली की वीजवाले हसायचे. आणि इथे, या दोन भावांच्या घरात, पुढच्या रस्त्यावरून एक कनेक्शन, मागच्या गल्लीतून दुसरं, दोन्ही निराळ्या ट्रान्सफॉर्मरवरून. योजना करून जे जमलं नसतं ते भाऊबंदकीने फुकटात करून ठेवलं होतं. वडील गेल्यावर दारावरच्या पाटीवर कुणाचं नाव आधी लिहायचं, यावरून ती सुरू झाली. आता दारावर पाटीच नव्हती. टपाल आलं की पोस्टमन दोन्ही दारं एकेकदा वाजवायचा आणि कुणी घेतलं ते पाहायला थांबायचा नाही.

"मधे एक खोली आहे असं ऐकलं," डबल म्हणाला.

"ती आईची," थोरला म्हणाला, आणि बोटाने एक बंद दार दाखवलं. त्याने ते स्वतः उघडलं नाही.

घराची वाटणी झाली तेव्हा गवंडी आडवी भिंत घालत घालत मधोमध आला आणि थांबला. इथून कशी नेऊ, म्हणाला, आईच्या कॉटमधून? मग भिंतीने आईच्या खोलीला वळसा घातला, आणि ती खोली कुणाचीच न होता मधे राहिली. तिला एक दार पुढच्या घरात, एक मागच्या घरात आणि तिसरं बाजूच्या बोळात.

डबलने आत पाऊल टाकलं आणि खोलीच्या प्रेमात पडला. दोन्ही बाजूंची वीज चार हातांवर. बोळात जनरेटर ठेवायला जागा. जमीन दगडी, बॅटऱ्यांचं ओझं सहज पेलणारी. भिंतींवर ऊन नाही. त्याने खिशातून टेप काढली तेव्हा कुठे त्याला कॉटवर बसलेली म्हातारी दिसली.

"तुम्ही वीज कापणारे का?" तिने विचारलं.

"नाही मावशी. मी वीज जाऊ न देणारा."

"असं कुणी असतं?"

"असतं. पगार कमी असतो, पण असतं."

ती हसली. कॉटखालून तिने एक चपटा पत्र्याचा डबा ओढून काढला आणि झाकण उघडून त्याच्यापुढे धरला. "बिस्किट घ्या. संकोच करू नका, आज मीही यावरच आहे."

"का? डॉक्टरांनी सांगितलंय?"

"नाही हो. आज एकतीस तारीख."

डबलला ते कळलं नाही. आज एकतीस आहे हे त्याला माहीत होतं, कारण कंपनीत सगळी कामं महिनाअखेरीलाच होत. आधीचे आठवडे मीटिंगांत जात. पण एकतीस तारखेचा आणि जेवणाचा संबंध त्याच्या डोक्यात बसेना.

"एक ते पंधरा थोरल्याकडून ताट येतं," म्हातारी समजावू लागली. "सोळा ते तीस धाकट्याकडून. वाटणीला माझा भाऊ आला होता, तो हिशेबात पक्का. महिना तीस दिवसांचा धरला की बरोबर अर्धा-अर्धा होतो म्हणाला."

"आणि एकतीस?"

"ती कुणाची, ते ठरायचंय."

"कधीपासून ठरायचंय?"

"नातू शाळेत जायला लागला तेव्हापासून. आता त्याला मिशा आल्यात."

डबलने हातातल्या बिस्किटाकडे पाहिलं. ते परत ठेवावं की खावं, हे त्याला सुचेना. शेवटी खाल्लं.

"पण त्या दिवशी कुणी विचारत नाही?"

"विचारतील कशाला? थोरल्याला वाटतं, महिना संपेपर्यंत धाकट्याची पाळी. धाकट्याला वाटतं, पंधरा दिवस भरले, आता थोरल्याची. दोघंही खोटं बोलत नाहीत हां. आपापल्या जागी दोघांचंही बरोबर आहे. फेब्रुवारीत उलट धाकट्याचे दिवस वाचतात, तर थोरला दरवर्षी मला ते ऐकवतो."

"तुम्ही सांगत का नाही, मावशी?"

"सांगितलं की एकाची चूक निघते. मग दुसरा ती वर्षभर चघळतो." तिने एक बिस्किट उशाशी ठेवलेल्या कपातल्या चहात बुडवलं. "त्यापेक्षा हे मऊ असतं."

डबल कॉटच्या कडेवर टेकला. समोरच्या माणसाला दुसरं काही सांगण्यासारखं नसलं की तो आपल्या कामाबद्दल सांगायचा, तसं त्याने सुरू केलं. एकीकडची वीज गेली आणि दुसरीकडची आली, या दोहोंच्या मधे एक फट पडते. डोळ्यांना दिसतही नाही, पण तेवढ्यात यंत्रं बंद पडतात. ती फट बॅटरी भरून काढते.

म्हातारीने डबा वर उचलून दाखवला. "मग ही माझी बॅटरी."

"अगदी."

"आणि तरीही कधी अंधार होतो?"

"झालाय. एका जागी दोन जनरेटर होते. मी नव्हते बसवले," त्याने घाईने सांगितलं. "तारा अशा जोडल्या होत्या की याला वाटायचं तो चालू आहे, त्याला वाटायचं हा चालू आहे. दोघंही ठणठणीत. टाक्या डिझेलने काठोकाठ भरलेल्या. दोघं गप्प उभे, आणि सगळी इमारत काळोखात."

म्हातारी इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. "नवे होते का?"

"कोरे करकरीत."

"माझ्या दोघांची पन्नाशी उलटली," ती म्हणाली.

डबलचे डोळे त्याच्या नकळत भिंतीवरून फिरत होते. इथे रॅक, तिथे बॅटऱ्या, कॉट आहे तिथे एसी. म्हातारीने ते पाहिलं. साठ वर्षं ज्या खोलीत काढली तिच्याकडे दुसरा कुणी बघत असला की ते कळतंच.

"खोली हवीय तुम्हाला."

"दुसरी चालणार नाही असं नाही," डबल म्हणाला. त्याला खोटं नीट बोलता येत नसे.

"दोघांच्या सह्या लागतील?"

"दोघांच्या. त्याशिवाय होणारच नाही. घर अजून दोघांच्या नावावर आहे."

"एका टेबलावर बसून?"

"करार एक, तर टेबलही एकच," डबल म्हणाला. तेव्हा त्याला तसंच वाटत होतं.

म्हातारीने डब्याचं झाकण लावलं. "मग घ्या. दोघांनी मला एकेक खोली द्यावी असं त्यात घाला. पंधरा दिवस इकडे, पंधरा तिकडे. तुमच्या मशीनसारखं माझंही दोन-दोन होईल. आणि एकदा समोरासमोर बसले ना, की एकतीसचं मी काढते बघा. चहा पिता पिता. रागाने नाही, सहज. एकमेकांच्या तोंडाकडे बघत कुणी 'माझी नाही' म्हणणार नाही. माझीच मुलं आहेत."

डबलने करारात तिच्यासाठी एक कलम घातलं, 'आईच्या निवासाची व भोजनाची सोय दोन्ही पक्ष आळीपाळीने करतील.' एकतीस तारखेचा उल्लेख करायला त्याने पेन टेकवलंही होतं. मग वाटलं, ती म्हणते ना काढते म्हणून. माणसांची गोष्ट माणसांनी बोलून मिटवलेली बरी.

सह्यांच्या दिवशी तो मागच्या गल्लीतून आला. धाकटा छापखान्यात होता, हात शाईने काळे. लग्नपत्रिका आणि मृत्यूच्या सूचना एकाच टायपात छापायचा. "कागदाला डाग लागतील," म्हणत त्याने हात पुसले.

"मधल्या खोलीत बसू ना?" डबल म्हणाला. "तिथे सगळं मांडलंय."

मांडलं होतंच. म्हातारीने टेबल खोलीच्या मधोमध ओढून पुसलं होतं. दोन खुर्च्या समोरासमोर, तिसरी बाजूला. नव्या कपबशा. त्या कपबशा तिने कुठे ठेवल्या होत्या आणि किती वर्षं, ते डबलने विचारलं नाही. आतल्या दारातून त्याने तिला पाहिलं, ती कप पुन्हा एकदा पुसत होती.

धाकट्याने पिशवीत डोकावून पाहिलं. "प्रती किती आहेत?"

"दोन," डबल म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याने पिशवीचं तोंड आवळलं. कारकुनाला त्याने सवयीने सांगितलं होतं, दोन काढ.

"मग झालं तर. एक मला द्या, एक त्याला. मी सही करतो, मग अदलाबदल करा. तोंडं बघायची गरज काय?"

"पण पद्धत अशी..."

"कायद्यात आहे का, एकत्रच बसायला हवं असं?"

कायद्यात नव्हतं. थोरल्याला विचारलं तेव्हा तोही तेच म्हणाला, जवळजवळ त्याच शब्दांत. त्या दोघांचं एकमत व्हायला इतकी वर्षं आणि डबलची सवय लागली.

सह्या झाल्या. डबल एक प्रत घेऊन मागच्या घरातून मधल्या खोलीत आला, टेबलाला वळसा घालून पुढच्या घरात गेला, दुसरी प्रत घेऊन परत मधल्या खोलीत आला, टेबलाला वळसा घालून मागे गेला, आणि परत आला. प्रत्येक वेळी कपबशा होत्या तिथेच होत्या. शेवटच्या वेळी मात्र म्हातारीने दोन कप पालथे घातलेले होते.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं. मावशी, प्रती दोन काढायची माझी खोड..."

"असू दे. तुम्ही तरी चहा घ्या."

त्याने घेतला. तो संपला तशी तिने पालथ्या कपांपैकी एक सुलटा केला आणि त्यात पुन्हा चहा ओतला. "हा बॅकअपचा," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे न बघता खुर्च्या भिंतीला लावायला लागली.

काम सुरू झालं. म्हातारीची कॉट मागच्या घरात कागदांच्या गठ्ठ्यांच्या खोलीत गेली. पंधरा तारखेनंतर ती तिथे निजायची. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात थोरल्याकडे डोळे तपासायच्या काळोख्या खोलीत. गिऱ्हाईक आलं की तिला उठून बाहेर बसावं लागे. "दिवसभर तीच अक्षरं समोर असतात," तिने डबलला बोळात भेटून सांगितलं. "पाठ झालीत. आता कुणी माझे डोळे तपासले तर नंबर निघायचाच नाही."

डबलकडे तेव्हा ऐकायला वेळ नव्हता. तो ठेकेदाराशी भांडत होता. पुढच्या रस्त्याने एक केबल आणि मागच्या गल्लीने दुसरी, असं नकाशात ठरलेलं असताना त्या गृहस्थाने दोन्ही पाइप एकाच चरात टाकायला घेतले होते.

"साहेब, नकाशात रेघा दोन ठेवा की," ठेकेदार म्हणाला. "खाली एक आहे का दोन, कोण उकरून बघतंय?"

"ज्या दिवशी पाण्याच्या लाइनवाले येतील तेच बघतील. एका फावड्यात दोन्ही तुटतील, आणि मग हॉस्पिटलचा फोन बंद."

"भाऊ भांडले म्हणून केबलींनीही वेगळं राहायचं का?"

"केबलींनी राहायचं," डबल म्हणाला. "कागदावर दोन आणि प्रत्यक्षात एकही नाही, असं मी चालू देणार नाही."

हे तो इतक्या जोरात म्हणाला की थोरला दुकानाच्या दारात आला आणि धाकटा छापखान्याच्या. दोघांनीही मान डोलावली. डबलबद्दल दोघांना आदर वाटू लागला होता. ठेकेदाराने चर बुजवला आणि शिव्या देत दुसरा खणला.

सगळं तयार झालं तेव्हा महिनाअखेर आली होती, कारण ती येतेच. डबल सकाळीच आला आणि यंत्रखोलीचं बोळातलं दार लावून आत बसला. पुढची-मागची दारं विटांनी बुजवलेली होती. भिंतींना पांढरा रंग, एसीचा गारवा, रॅकमध्ये लुकलुकणारे दिवे. दारावर पाटी, 'परवानगीशिवाय आत येऊ नये. आत थांबू नये.' दार नुसतं उघडं राहिलं तरी दूरच्या मुख्य कचेरीत घंटा वाजावी, अशीही व्यवस्था डबलने केली होती.

त्याने पुढची वीज तोडली. मागच्या विजेने भार उचलला. मागची तोडली. बॅटऱ्यांनी उचलला. काही क्षणांत बोळातला जनरेटर धडधडून उठला आणि खोलीची जमीन पायाखाली किंचित थरथरली. मग त्याने केबली एकेक करून काढल्या आणि घातल्या. दुपारपर्यंत त्याने त्या खोलीला जमेल तेवढ्या तऱ्हांनी अंधारात टाकायचा प्रयत्न केला, आणि एकदाही दिवा मिचकला नाही.

साहेबांचा फोन आला. "खंड?"

"शून्य."

"शाबास. हॉस्पिटलला कळवतो. तू रिपोर्ट पाठव, आजच्या तारखेत."

डबलने रिपोर्ट पुढे ओढला. पुरवठा एक, ठीक. पुरवठा दोन, ठीक. बॅटरी, ठीक. खाली सही केली, सहीखाली तारीख घातली, आणि पेन तसंच धरून तो त्या आकड्याकडे बघत राहिला. मग उठला आणि दार लावून बाहेर पडला.

चष्म्याच्या दुकानात थोरला एका बाईंना फ्रेमा दाखवत होता.

"मावशी आहेत का?" डबलने विचारलं.

"आई? ती मागे. सोळापासून तिकडेच असते. उद्या येईल इकडे." मग आपणहून म्हणाला, "चाचणी छान झाली म्हणे. आमच्याकडे तर काही कळलंसुद्धा नाही."

डबल रस्त्याला वळसा घालून मागच्या गल्लीत गेला. धाकट्याने यंत्र थांबवलं नाही, मोठ्याने बोलला. "काल तीस होऊन गेली की. सकाळी पिशवी घेऊन निघाली. पुढे असेल, दादाकडे."

'दादा' हा शब्द त्याच्या तोंडून डबलने पहिल्यांदाच ऐकला. एरवी तो 'ते' म्हणायचा.

"बघितलंत तुम्ही, तिकडे गेल्याचं?"

"बघायला काय हवं? जाणार कुठे?" धाकटा म्हणाला, आणि ताज्या छापलेल्या पत्रिकांची चळत हाताने ठोकून सारखी केली.

ती बोळात होती. जनरेटरच्या पलीकडे, त्याच्या सिमेंटच्या चौथऱ्याच्या टोकावर, बस चुकलेली नाही, यायला फक्त उशीर झाला आहे, अशा थाटात बसलेली. पायाशी पिशवी, मांडीवर डबा. सकाळी आत जाताना डबल याच बोळातून गेला होता, पण तेव्हा ती आलेली नसणार; आत्ता बाहेर पडताना जनरेटरच्या आड दिसली नसणार. नंतर जनरेटर तासभर तिच्या कानाशी धडधडत होता.

"फार ओरडतो हो हा," ती म्हणाली. "पण ऊबही देतो."

"मावशी, इथे का बसलात?"

"मग कुठे? एरवी आजच्या दिवशी माझ्या खोलीत असायचे." हे तिने तक्रारीने म्हटलं नाही. एखाद्याला पत्ता सांगावा तसं म्हटलं. "तुमचं झालं का? लागले सगळे दिवे?"

"लागले."

"मधे गेले नाहीत ना?"

"एकदाही नाही."

"चांगलं झालं. तुम्ही खपलात त्याच्यासाठी."

डबलने तिची पिशवी उचलली, दुसरा हात तिच्या कोपराखाली घातला. पुढे न्यावं की मागे, याचा विचार करत तो क्षणभर उभा राहिला. पुढे नेलं तर धाकट्याची चूक निघणार होती, मागे नेलं तर थोरल्याची, आणि ती दोन्ही दारांत उभी राहून तेवढं ऐकून घेणार होती. त्याने खिशातून किल्ली काढली आणि यंत्रखोलीचं दार उघडलं.

आत आल्यावर तिने शाल गळ्याशी घट्ट ओढली. जिथे कॉट होती त्या बाजूला तिचे पाय आपोआप वळले. तिथे आता बॅटऱ्यांचं लोखंडी कपाट होतं. त्याच्या शेजारी एक रिकामं खोकं पडलं होतं, त्यावर ती बसली आणि मान वर करून पांढऱ्या भिंती पाहू लागली, कुणाच्या तरी घरी पहिल्यांदा आल्यासारखी.

"गार आहे हो," ती म्हणाली.

"त्यांना गारवा लागतो."

"कुणाला?"

"यंत्रांना."

तिने समजल्यासारखी मान हलवली आणि डबा उघडला.

डबलचा फोन वाजला. दार अजून पुरतं लोटलेलंही नव्हतं. मुख्य कचेरीतला पोरगेला, तत्पर आवाज होता.

"सर, तुमच्या नव्या जागेचं दार उघडं दाखवतंय. सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे. लावतोय."

"आत कुणी आहे का, सर? नोंदवावं लागतं."

डबलने पाहिलं. ती बिस्किटाचा तुकडा मोडत होती, कण खाली पडू नयेत म्हणून तळहात खाली धरून. समोरच्या रॅकचे हिरवे दिवे तिच्या चष्म्यात लुकलुकत होते. हो म्हटलं तर ते माणूस पाठवतील आणि तिला उठवतील.

"कुणी नाही," तो म्हणाला.

"थँक यू, सर."

त्याने दार ओढून घेतलं. दारावरचा लाल दिवा हिरवा झाला. तो वळला तेव्हा म्हातारी त्याच्याकडेच बघत होती, आणि तिला वाईट वाटल्याचं तिच्या तोंडावर काहीही नव्हतं.

"बरोबर सांगितलंत," ती म्हणाली, आणि डबा त्याच्यापुढे केला.